पेटी कपाटावरून खाली काढा: सुट्टीतल्या रियाजाबद्दल पालकांना खुले पत्र

मुलामुलींना तबला, पेटी (हार्मोनियम) किंवा गाण्याच्या क्लासला पाठवणाऱ्या सर्व पालकांना,

सप्रेम नमस्कार.

शाळेला मेची सुट्टी लागली की आमचे क्लासही बहुतेक ठिकाणी महिनाभर बंद असतात. शेवटच्या तासाला आम्ही मुलांना सांगतो, ‘रोज रियाज करा हं.’ दारात चपला घालता घालता तुम्हीही मान डोलावता. जूनमध्ये मूल परत येते तेव्हा एप्रिलमध्ये दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, जाणारा तबल्याचा कायदा (बोलांची ठरलेली रचना) बराबरीत, म्हणजे मूळ लयीतही अडखळत असतो, भूप रागात नसलेला मध्यम (म) गाताना मधेच डोकावतो आणि पेटीवर बोटे चाचपडत असतात. मग तुम्ही म्हणता, ‘सर, अजिबात बसला नाही हो. दिवसभर खाली खेळायला.’

यात मुलाचा दोष फार थोडा असतो. ‘रोज रियाज करा’ ही सूचना मुळातच निरुपयोगी आहे, आणि तो दोष आमचा. काय, किती वेळा, कोणत्या लयीत, यातले काहीच तिच्यात नसते. दुसरा दोष तुमचा: पेटी खोळीत घालून कपाटावर चढवलेली असते. दहा वर्षांचे मूल स्टूल ओढून, धूळ झटकून, पेटी उतरवून रियाजाला बसेल ही अपेक्षा बाळगायची तरी कशी? व्यायामाची सायकल माळ्यावर ठेवली तर आपण तरी ती रोज चालवू का?

तेव्हा पहिले काम सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशीच करा. घराचा एक कोपरा ठरवा. तिथे सतरंजी कायमची अंथरून ठेवा, तिच्यावर वाद्य, शेजारी वही, पेन्सिल आणि तानपुऱ्यासाठी किंवा लेहऱ्यासाठी (तबल्याबरोबर फिरत राहणारी धून) लागणारा फोन अथवा छोटा स्पीकर. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सतरंजी दुहेरी घाला. डग्ग्याचा (डाव्या हाताच्या वाद्याचा) घुमारा फरशीतून खाली उतरतो आणि दुपारी दोन ते चारमध्ये खालच्या आजोबांची झोप मोडली की तक्रार तुमच्याकडे येते. आवाज दाबायला पुडीवर (वाद्याच्या कातड्यावर) रुमाल मात्र टाकू नका. बोट उसळण्याची सवय बिघडते आणि ती घालवायला आम्हाला पुढे दोन महिने लागतात. झोपताना वाद्यावर सुती कापड टाका. सकाळी ते कापड काढायचे काम तुम्हीच करा. खरेच, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

वेळ सकाळची ठेवा. अंघोळीनंतर, नाश्त्याआधी. खेळायला गेलेले मूल मधेच बोलावून बसवले तर ते रियाज करत नाही, शिक्षा भोगते. आणि रात्री साडेनऊला ‘अरे, आज रियाज राहिला की!’ असे आठवून बसवण्यापेक्षा त्या दिवशी सुट्टी दिलेली बरी. किती वेळ, हे वयावर आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला दहा मिनिटे पुरतात, नऊ ते बारा वयाला वीस, त्यापुढे चाळीस, पण दोन बैठकांत मिळून. आठवड्यातून सहा दिवस. आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी दोन तास, हा हिशेब पोहण्यात चालत नाही तसा इथेही चालत नाही.

आता वीस मिनिटांत करायचे काय? तबल्यापासून सुरुवात करू, कारण ‘बसला, पण काहीतरी बडवून उठला’ हे सर्वांत जास्त तिथेच होते.

पहिली तीन मिनिटे वाद्याला हात लावायचा नाही. हाताने ताल धरून बोल तोंडाने म्हणायचे, म्हणजे पढंत. जे तोंडातून स्वच्छ येत नाही ते बोटांतून येणार नाही. मग आठ मिनिटे एकच कायदा. बहुतेक मुलांना येणारा दिल्लीचा कायदा घ्या: धाधा तिट धाधा तिना, ताता तिट धाधा धिना. अक्षरे सोळा. लय ६० ठेवली, म्हणजे सेकंदाला एक मात्रा, की बराबरीत एक आवर्तन १६ सेकंदांत होते आणि आठ मिनिटांत ३० आवर्तने बसतात. मुलाला ‘तीस वेळा वाजव’ म्हटले की त्याच्यापुढे डोंगर उभा राहतो. आठ मिनिटांचा त्रितालाचा लेहरा लावून दिला की तीच तीस आवर्तने नकळत होतात. पुढची चार मिनिटे एकच पलटा (त्याच बोलांची उलटसुलट मांडणी), आणि उरलेली पाच मुलाला हवे ते: केरवा, दादरा, टीव्हीवर ऐकलेला एखादा तुकडा, काहीही. ही शेवटची पाच मिनिटे कापू नका. आधीची पंधरा त्यांच्या आशेवर होतात.

लय वाढवण्याचा नियम सोपा ठेवा. सलग आठ आवर्तने न अडखळता झाली तर पाचने वाढवायची, अडखळले तर दहाने उतरवायची. मुले याच्या अगदी उलट करतात. चुकले की आणखी जोरात आणि आणखी जलद, जणू वेगात चूक ऐकू जात नाही. ६० वर कंटाळा येतो, हे खरे आहे. तो येऊ द्या.

चूक कुठे होते तेही सांगतो, कारण ती तबला न येणाऱ्या आईबाबांनाही ऐकू येते. एक म्हणजे ‘तिट’. तिथे बोटे घाई करतात आणि ‘धाधा’वर येऊन रेंगाळतात, त्यामुळे आवर्तन लंगडत चालल्यासारखे वाटते. दुसरी चूक खालीची, म्हणजे डग्गा न वाजणाऱ्या भागाची. ‘ताता तिट’ला डग्ग्याचा घुमारा पूर्ण थांबला पाहिजे आणि ‘धाधा धिना’ला तो परत आला पाहिजे. मुलाचा डावा हात सवयीने चालूच राहतो आणि कायद्याची भरी (डग्ग्यासह वाजणारा भाग) आणि खाली एकसारखी ऐकू येते. तुम्ही शेजारी भाजी निवडत बसलात तरी कानावर पडेल: घुमारा गेला का, आला का. तेवढेच विचारा. ‘छान वाजवलंस’ यापेक्षा ‘आज ताताला घुमारा थांबला का रे?’ हा प्रश्न मुलाला जास्त आवडतो, कारण तुम्ही खरोखर ऐकत होता हे त्याला कळते.

तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपणारा तुकडा, शेवटाकडून बसवायची. मूल दरवेळी पहिल्यापासून सुरुवात करते, मधे अडखळते, पुन्हा पहिल्यापासून. परिणामी सुरुवात घोटून गुळगुळीत होते आणि समेवरचा ‘धा’ एक मात्रा आधी किंवा नंतर पडतो. म्हणून आधी फक्त तिसरा पल्ला (तिसरी फेरी) आणि समेचा ‘धा’, मग दुसरा-तिसरा, मग तिन्ही.

‘पण आम्हाला तालातलं काही कळत नाही,’ असे पुष्कळ पालक म्हणतात. हाताने ताल धरायला दहा मिनिटांत शिकाल. त्रितालाच्या सोळा मात्रा मोजायच्या. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात बाजूला नेऊन खाली. झपतालाच्या दहा मात्रांत पहिली, तिसरी आणि आठवी टाळी, सहावी खाली. मूल वाजवत असताना समोर बसून तुम्ही हा ताल दिलात तर कोणत्याही ॲपपेक्षा ते चांगले, कारण मूल धावले तर तुम्ही डोळे वटारू शकता. फक्त एक पथ्य पाळा. मूल चुकले तर टाळी थांबवू नका. पुढच्या समेला त्यालाच गाठू द्या.

गाण्याकडे वळू. इथे पहिली गडबड फोनमध्ये होते. तानपुऱ्याचे ॲप घरात कोणीतरी उघडते आणि पट्टी, म्हणजे कोणत्या सुराला ‘सा’ धरायचे ते, जी असेल तीच राहते. मुलींची आणि आवाज न फुटलेल्या मुलग्यांची पट्टी बहुधा पेटीवरची काळी चार किंवा काळी पाच असते. बाबांनी स्वतःसाठी काळी एक लावून ठेवली असेल तर मूल त्यातच खाली घोगरे गात राहते, आणि ‘आवाज बसला’ म्हणून तुम्ही आले-मध सुरू करता. मुलाची पट्टी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. भूप किंवा यमनाला पंचमाचा तानपुरा लावा. मालकंसात पंचम नाही, तिथे मध्यमाचा. फोनच्या स्पीकरमधून खर्जाची (सर्वांत खालच्या सुराची) तार नीट ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर जोडा. तानपुरा मुलाच्या आवाजाखाली राहील एवढाच ठेवा. मोठा ठेवला की मूल त्याच्यावर ओरडते.

सुरुवात षड्जाने (सा). एका श्वासात आठ सेकंद, असे दहा वेळा, मधल्या विश्रांतीसह तीन मिनिटांत होते. श्वास किती लांबला याची स्पर्धा लावू नका. शेवटचे दोन सेकंद सूर खाली घसरत असेल तर सहाच सेकंद ठेवा. मग भूपाचे अलंकार आकारात, म्हणजे फक्त ‘आ’ म्हणत: सारेग, रेगप, गपध, पधसां आणि उतरताना सांधप, धपग, पगरे, गरेसा. एकूण २४ स्वर, सेकंदाला एक धरला तर अर्ध्या मिनिटाच्या आत. रोज पाच वेळा. चूक ठरलेली असते: ‘रेगप’ म्हणताना गंधारावरून पंचमावर उडी घेण्याऐवजी मूल वाटेत मध्यमाला स्पर्श करते, कारण सुरुवातीला त्याने बिलावलाच्या सात स्वरांचे अलंकार घोटलेले असतात. उतरताना षड्जावरून धैवतावर येताना निषाद तसाच आत शिरतो. अशा वेळी पूर्ण अलंकार पुन्हा म्हणवू नका. फक्त ‘गप, पग’ दहा वेळा आणि ‘सांध, धसां’ दहा वेळा, मग अलंकार. उरलेल्या वेळात क्लासमध्ये झालेली बंदिश हाताने ताल धरून. ताल न धरता म्हटलेली बंदिश कविता होते.

बारा ते पंधरा वयाच्या मुलग्यांच्या पालकांनी जरा थांबून वाचावे. आवाज फुटत असताना वरचा षड्ज अचानक हरवतो, सूर चिरकतो, कधी एकदम खाली पडतो. हा आळस नाही, बेसूरपणाही नाही. जुन्या पट्टीत ताणून गाण्याचा हट्ट करू नका. शिक्षकांना फोन करून पट्टी खाली घ्या आणि रोज दहा मिनिटे मधल्या सप्तकातच गाऊ द्या. उरलेल्या वेळात ताल, पढंत, ऐकणे. याच काळात ‘आता तुझ्याने गाणं होणार नाही’ असे घरातल्या कोणीतरी चेष्टेत म्हणते आणि मुलगा गाणे सोडतो. ती चेष्टा कृपया बंद करा.

आणि हो, बर्फाचा गोळा. सुट्टीत घसा बसला की सगळा दोष गोळ्यावर जातो. त्याआधी संध्याकाळभर क्रिकेटमध्ये ‘कॅच, कॅच’ म्हणून केलेला आरडाओरडा विसरला जातो. घसा बसला असेल तर दोन दिवस गाणे पूर्ण बंद, कुजबुजणेही बंद. गोळ्याचे तुमचे तुम्ही ठरवा.

पेटीचे काम तुलनेने सोपे, कारण सूर आयता मिळतो. पण भात्याची एक सवय सुट्टीत हमखास बिघडते. मूल प्रत्येक स्वराला भाता एकदा दाबते आणि आवाज उचक्या दिल्यासारखा येतो. औषध: एकच स्वर दाबून चार मात्रा भाता सारख्या दाबाने चालवायचा, आवाज लहानमोठा न होता. पाच मिनिटे. मग पलटे (स्वरांचे ठरलेले क्रम), मग मुलाच्या आवडीचे कुठलेही गाणे कानाने शोधून त्याचे स्वर वहीत लिहायचे. सिनेमातले असले तरी चालेल. उलट तेच बरे, कारण चाल डोक्यात पक्की असते आणि कान स्वर शोधायला मोकळा राहतो. उठताना भाता पूर्ण बंद करून अडकवायचा, आणि बंद करताना एखादी पट्टी दाबून धरायची म्हणजे आतली हवा निघून जाते. एखादा सूर अचानक मुका झाला किंवा भुणभुणू लागला तर सुराच्या पितळी पट्टीत कचरा अडकलेला असतो. घरात टाचणीने कोरू नका, पितळ खरवडले की सूर कायमचा हलतो.

वाद्यांना सुट्टीचे हवामानही सोसावे लागते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात पुडी ताणते आणि तबला चढतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट हवेने तोच उतरतो, थाप दिली तर आवाज दबका येतो. उतरलेला तबला कडक व्हावा म्हणून उन्हात ठेवायची पद्धत अजून आहे. ती सोडा, शाईला (पुडीवरच्या काळ्या चकतीला) तडे जातात. बंद गाडीत तर मेमध्ये तबला तासभरही ठेवू नका. फरक थोडा असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोफावर) वरून हलके ठोके द्यायचे, सूर वर जातो. खालून दिले की उतरतो. समोरासमोरच्या घरांवर (गजऱ्यातल्या चामडी पट्ट्यांमधल्या जागांवर) आळीपाळीने ठोका, एकाच बाजूला नाही. गठ्ठे (चामडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) सरकवणे हे त्यानंतरचे काम, आणि ते मोठ्यांनी करायचे. मुलाच्या हातातून निसटलेली हातोडी चाटेवर (पुडीच्या कडेवर) बसली की पुडी गेली. तबला महिनाभर वाजणारच नसेल तर गठ्ठे थोडे वर सरकवून ताण कमी करून ठेवा. घामेजल्या हातांना पावडर लावायची, पण ती हाताला. पुडीवर ओतायची नाही. आणि शाई ओल्या फडक्याने कधीही पुसायची नाही. पुडी बदलायची असेल तर मेमध्येच न्या. पावसाळी हवेत नवी पुडी वाळायला वेळ लागतो आणि पुढे गणपतीआधी कारागिरांकडे रांग असते.

गावी, आजोळी जाणार असाल तर वाद्य नेलेच पाहिजे असे नाही. दहा-बारा दिवस वाद्याविना गेले तरी पढंत चालू असेल तर फार बिघडत नाही. एसटीत खिडकीशी बसून मांडीवर बोटे चालवत बोल म्हणता येतात. उशीवर मात्र सराव नको, बोट रुतते, उसळत नाही. गावात हरिपाठ किंवा भजन होत असेल तर मुलाला टाळ देऊन मंडळींत बसवा. पखवाजाच्या शेजारी तासभर टाळ वाजवलेल्या मुलाची लय जशी पक्की होते तशी आमच्या क्लासमध्ये महिनाभरातही होत नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परदेशातून सुट्टीला आलेल्या मुलांना तर हे जरूर द्या. वर्षभर ती ऑनलाइन शिकतात, आणि तिथे आवाज मागेपुढे होत असल्याने शिक्षक-विद्यार्थी एकत्र वाजवूच शकत नाहीत. चार माणसांबरोबर एका लयीत बसणे त्यांना फक्त इथेच मिळते.

रोज झोपताना किंवा जेवताना दहा मिनिटे ऐकणे ठेवा. भूप शिकणाऱ्या मुलीला किशोरी आमोणकरांचा भूप, तबल्याच्या मुलाला अहमदजान थिरकवाँचे जुने ध्वनिमुद्रण, पेटीवाल्याला तुळशीदास बोरकरांची पेटी. समजावून सांगू नका, नुसते लावा.

परीक्षेबद्दल एक नाजूक गोष्ट. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. मुलाने नुकतीच प्रवेशिका दिली असेल तर ‘परीक्षा झाली, आता जूनमध्ये बघू’ असे घरात ठरून जाते, आणि ज्या हाताने परीक्षेसाठी तीन महिने मेहनत केली तो ऐन तयारीत असताना थांबतो. दुसऱ्या टोकाचे पालक सुट्टी लागताच ‘पुढच्या परीक्षेचा अभ्यासक्रम द्या’ म्हणतात. तोही नको. सुट्टीत नवे राग, नवे ताल घरी सुरू केले तर चुकीचे बसतात आणि चुकीचे बसलेले उतरवणे हे शिकवण्याहून अवघड. जे आले आहे तेच, पण संथ आणि स्वच्छ.

पाहुणे आले की ‘जरा वाजवून दाखव’ हे महिन्यातून एकदा ठीक आहे. दर रविवारी नको. मूल मग रियाजाऐवजी पाहुण्यांना दाखवायचा एकच जलद तुकडा घोटत राहते.

आमच्याकडून आम्ही एवढे करू. सुट्टीआधीच्या तासाला प्रत्येक मुलाच्या वहीत एक पान स्वतः लिहून देऊ: पट्टी, लय, एक कायदा किंवा दोन अलंकार, एक बंदिश, आणि त्या मुलाची नेहमीची एक चूक. ते पान तुमच्या मुलाच्या वहीत नसेल तर आम्हाला फोन करून मागा, संकोच करू नका. त्याच वहीत मुलाने रोज तीन गोष्टी लिहायच्या: काय वाजवले, कोणत्या लयीत, कुठे अडले. किती मिनिटे बसला हे लिहायचे नाही, ते लिहिले की मूल घड्याळाकडे बघत बसते. आठवड्यातून एकदा एका मिनिटाचे ध्वनिमुद्रण आम्हाला पाठवा. व्हिडिओ नको, त्यात सगळे लक्ष कपड्यांकडे जाते. चुकलेलेच पाठवा, सहाव्यांदा जमलेले ऐकून आम्हाला काही कळत नाही.

जूनच्या पहिल्या तासाला मुलाबरोबर ती वही पाठवा. ‘कुठे अडले’ या रकान्यापासून आम्ही सुरुवात करू. रकाना कोरा असेल तर रागावणार नाही, पण पहिले दोन आठवडे ६० च्या लयीत जातील, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

आपले,
तबला, पेटी आणि गायन शिकवणारे काही शिक्षक